वीस बाजूंचा फासा आणि बेहड्याचं झाड

पडद्यावर एक लहान मुलगी उभी होती आणि तिच्या पायांशी साप टपून बसला होता. त्या वनातल्या लोकांची पूजेतली मूर्ती तिनं चोरली होती. त्यांची म्होरकी काघा तिला शिक्षा सुनावत होती, मुलीचे आईबाप दाराबाहेर आक्रोश करत होते, आणि मध्ये बोलायची पाळी माझी होती. समोर चार-पाच वाक्यं लिहून आली. दरडावायचं, समजूत काढायची, की गप्प राहायचं? मी समजूत काढायचं ठरवलं. लगेच पडदा अंधारला आणि मधोमध एक फासा आला. सारीपाटाचा असतो तसा लांबट नाही, सापशिडीचा असतो तसा सहा बाजूंचाही नाही. याला वीस त्रिकोणी बाजू होत्या आणि प्रत्येक बाजूवर एक आकडा.

"मावशी, टाक," भाचा म्हणाला.

पडले चार. मुलगी जिवाच्या आकांतानं पळायला गेली आणि साप डसला. दाराबाहेरचे आईबाप अजून हाका मारतच होते.

बाहेर आषाढाचा पाऊस कोसळत होता. कसारा स्टेशनात एका मालगाडीला मागून बँकर इंजिनं लागली होती आणि गाडी घाटाकडे निघाली तशी आमच्या खिडकीची तावदानं थरथरत होती. आयुष्यभर शाळेत शिकवून निवृत्त झालेली मी बाई. व्हिडिओ गेम म्हणजे पोरांच्या डोळ्यांचा आणि अभ्यासाचा नाश, असं वर्गात किती वेळा बोलले असेन त्याला गणती नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. जी कधी नव्हतीच अशा एका मुलीसाठी मी हळहळत होते. हे कसं घडलं, कोणत्या करामतीनं घडलं, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. पुढचे काही आठवडे मी तेच शोधत राहिले, आणि जे सापडलं ते इतकं अद्भुत निघालं की सांगितल्यावाचून राहवत नाही.

खेळाचं नाव 'बॉल्डर्स गेट ३'. बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या 'लारियन स्टुडिओज'नं तो बनवला आणि ऑगस्ट २०२३मध्ये तो पूर्ण स्वरूपात बाहेर आला. त्या वर्षीचा जगातला सर्वोत्तम खेळ म्हणून 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये त्याचा गौरव झाला. संगणकावर तो जवळजवळ १५० जीबी जागा मागतो. आमच्या घाटाच्या पायथ्याला नेट जेमतेम येतं. म्हणून भाच्यानं तो कल्याणला मित्राच्या घरी राहून उतरवला आणि लॅपटॉप पिशवीत गुंडाळून कसारा लोकलनं घरी आणला.

या खेळात जिंकणं-हरणं ही मुख्य गोष्टच नाही. आधी तुम्ही कोण, हे ठरवायचं. बारा पेशांतून एक निवडायचा: योद्धा, मांत्रिक, चोर, साधू, शिकारी आणि आणखी काही. मग बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि लोकांवर पडणारी छाप अशा सहा गुणांत २७ गुणांक वाटून टाकायचे. एकीकडे वाढवलं की दुसरीकडे हात आखडावा लागतो. सगळं कोणालाच मिळत नाही. मी 'बार्ड' घेतला, म्हणजे आपल्याकडचा शाहीर. अंगात बळ बेताचं, पण वाणी धारदार. तो शत्रूला नुसत्या टोमण्यानं जखमी करू शकतो. हे वाचलं आणि मला आमच्या आळीतल्या दोन-तीन बायका आठवल्या, तेव्हा निवड पक्की झाली.

मग सुरू होते मोहीम. इंग्रजीत ज्याला कॅम्पेन म्हणतात त्याला मोहिमेइतका नेमका शब्द नाही. आमच्या शहापूर तालुक्यातल्या माणसाला मोहीम म्हटलं की माहुलीचा किल्ला दिसतो. चढ, रान, वाट चुकणं, बरोबरच्या माणसांवर भरवसा. इथंही तेच. एका उडत्या जहाजातून तुम्ही अनोळखी किनाऱ्यावर आदळता, वाटेत सोबती भेटतात, आणि प्रत्येकाच्या मनात काहीतरी दडलेलं असतं. त्या मुलीचे आईबाप ज्या टोळीतले होते, ती घरदार सुटलेल्या लोकांची टोळी होती. वनातले लोक त्यांना आसरा द्यायचा की दार लावून घ्यायचं यावर भांडत होते. तानसा, वैतरणा, भातसा यांचं पाणी मुंबईला जातं, आणि त्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या आहेत. त्यामुळे त्या दाराशी उभं राहिल्यावर मला कोणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

आता तो फासा. वीस बाजू, म्हणून प्रत्येक आकडा पडण्याची शक्यता शंभरात पाच. जे करायचं ते जितकं अवघड, तितका गाठायचा आकडा मोठा. समजा दहा गाठायचे आहेत. माझ्या शाहिराच्या वाणीचे पाच आधीच जमा, म्हणजे फाशावर पाच किंवा त्याहून जास्त हवेत. वीसपैकी सोळा बाजू माझ्या बाजूच्या, म्हणजे शंभरात ऐंशी वेळा यश. पंधरा गाठायचे असतील तर तेच यश पंचावन्नवर येतं. त्या रात्री माझ्या चारात पाच मिळवून नऊ झाले आणि तेवढ्यानं भागलं नाही. त्यात एक पडला तर वाणी कितीही गोड असो, काम फसतंच, आणि वीस पडले तर अशक्य वाटणारंही साधतं. कर्तबगारी आणि दैव यांचा हिशेब इतक्या सरळ आकड्यांत मांडलेला मी पहिल्यांदा पाहिला.

कधी परिस्थिती तुमच्या बाजूची असते. तेव्हा दोन फासे टाकायला मिळतात आणि मोठा आकडा धरला जातो. एका फाशावर अकरा किंवा जास्त पडण्याची शक्यता निम्मी. दोन फाशांत दोन्ही कमी पडण्याची शक्यता निम्म्याची निम्मी, म्हणजे पाव. उरले पाऊण. फक्त एक जादा फासा, आणि पन्नासाचे पंचाहत्तर! हे गणित मी फळ्यावर वर्षानुवर्षं शिकवलं, पण त्याचा थरार मला कळला तो या वयात.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. सोबतीतली एक पुजारीण तुमच्यावर हात ठेवून एक छोटा मंत्र म्हणते आणि तुमच्या फाशाला चार बाजूंच्या आणखी एका फाशाची जोड मिळते. एक ते चार, तेवढीच मदत. पण कितीतरी कामं त्या दोन-तीन आकड्यांनी तरून जातात. कसाऱ्याच्या माणसाला हे लगेच पटेल. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटाचा रेल्वेमार्ग १८६५मध्ये सुरू झाला. त्याचा चढ दर ३७ मीटरला एक मीटर. पुढचं इंजिन कितीही दमदार असलं तरी गाडी मागच्या बँकरच्या रेट्यानं वर चढते. प्रवाशांना ते दिसतही नाही.

हा वीस बाजूंचा फासा आला कुठून? आकार जुना आहे. ग्रीक अक्षरं कोरलेला असाच वीस बाजूंचा फासा प्राचीन इजिप्तमध्ये सापडला असून तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. आजच्या खेळात तो आला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळातून. अमेरिकेत १९७४मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो प्रसिद्ध केला. एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका आणि पहिल्या आवृत्तीच्या फक्त एक हजार प्रती. तिथं पडदा नव्हता, संगणक नव्हता. मित्र टेबलाभोवती बसत, एकजण गोष्ट सांगे, बाकीचे आपापलं पात्र होऊन बोलत, आणि अडलं की फासा टाकत. 'बॉल्डर्स गेट ३' आजही याच खेळाच्या नियमांवर चालतो.

त्याच्याही मागे जाता येतं. या दोघांना वेड होतं युद्धाच्या पटखेळांचं. तो नाद युरोपात शतकभराहून जुना. प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं १८२४मध्ये नकाशावर खेळायचा युद्धखेळ सैन्याला दाखवला. त्यात किती सैनिक पडले हे फासा ठरवी आणि वाद झाला तर पंच. त्याआधी, १७८०मध्ये, जर्मनीतल्या हेलविग यांनी बुद्धिबळाचा पट हजाराहून जास्त घरांचा करून त्यात नद्या आणि डोंगर आणले होते. आणि बुद्धिबळ कुठून गेलं? इथल्या चतुरंगापासून, इराण आणि अरब मुलखातून युरोपात. चतुरंगातलं सैन्य वाढत वाढत नकाशाभर झालं आणि शेवटी आटून एकाच माणसावर आलं. मोहऱ्यांचा राजा असलेला खेळाडू स्वतःच एक मोहरा झाला. गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी केलेली क्रांती ती हीच.

पण मला खरा धक्का बसला तो घराच्या मागच्या बाजूला.

आमच्या रानात बेहडा पुष्कळ. त्रिफळ्यातला तो बेहडा. पावसाळा संपून थंडी पडली की त्याची करडी, मखमली फळं वाटेवर पडलेली असतात आणि पोरं ती फोडून आतली बी खातात. वेदकाळात द्यूत खेळायचे फासे म्हणजे हीच बेहड्याची फळं. संस्कृतात त्याला विभीतक म्हणतात. ऋग्वेदात जुगारात सर्वस्व गमावलेल्या माणसाचं एक सूक्त आहे, त्यातले फासे याच झाडाचे. खेळ कसा असावा याची अभ्यासकांनी केलेली मांडणी अशी: फळांच्या ढिगातून मूठभर उचलायची आणि चारचारनं मोजायची. काही उरलं नाही तर तो सर्वांत उत्तम डाव, कृत. तीन उरली तर त्रेता, दोन उरली तर द्वापर, आणि एकच उरलं तर कली. आपण युगांना जी नावं देतो ती या डावांची नावं आहेत. आणि त्या वीस बाजूंच्या फाशावरही सर्वांत वाईट दान कोणतं? एक. कली!

याच झाडाखाली महाभारतातली नळाची कथा वळण घेते. द्यूतात राज्य हरलेला नळ सारथी होऊन ऋतुपर्ण राजाचा रथ विदर्भाकडे हाकतो आहे. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. राजा नुसतं पाहून त्याच्या फांद्यांवरची पानं-फळं किती ते सांगतो. नळ थांबतो, मोजतो, आणि आकडा बरोबर निघतो. मग राजा त्याला फाशांचं मर्म शिकवतो आणि नळाच्या अंगात शिरलेला कली बाहेर पडून त्या बेहड्यातच जाऊन बसतो. थोडं पाहून पुष्कळाचा अंदाज बांधायची ही विद्या आणि फाशाची विद्या एकाच जागी, एकाच झाडाखाली सांगितली आहे. शक्यतेच्या गणिताचा इतिहास लिहिणारे जगभरचे अभ्यासक या कथेपाशी थांबतात. मीही थांबले. मागीलदारी जाऊन दोन बेहडे उचलून आणले आणि लॅपटॉपशेजारी ठेवले. अजून तिथंच आहेत.

संगणकाला मूठ नाही, मग तो फासा कसा टाकतो? तो एका आकड्यापासून सुरुवात करून त्यावर अवघड गणित करत पुढचा आकडा काढतो, आणि ते आकडे इतके विस्कळीत दिसतात की आपल्याला अंदाज येत नाही. या खेळात एक सोयही आहे. सलग वाईट दानं पडत राहिली तर ती नशीब जरा सावरून घेते आणि सलग चांगली पडली तर जरा आवरते. तिचं नाव वाचून मी चकित झाले: 'कार्मिक डाइस'. बेल्जियमच्या माणसांना नाव ठेवायला शब्द सापडला तो आपला 'कर्म'.

फाशाइतकंच मोठं नवल आहे ते या जगाच्या आठवणीचं. तुम्ही कोणाला मदत केली, कोणाला फसवलं, कोणाचं दार ठोठावलंच नाही, हे सगळं पुढं वीस-तीस तासांच्या खेळानंतर कोणीतरी तुम्हाला ऐकवतं. भाच्यानं मला ते समजावलं. प्रत्येक निर्णयाची संगणक एक खूण ठेवतो, हो किंवा नाही. अशा दहा खुणा झाल्या की १,०२४ वेगवेगळ्या परिस्थिती होतात. वीस खुणा झाल्या की १०,४८,५७६. इतक्या गोष्टी कोणी लिहू शकत नाही. लेखक छोटे छोटे तुकडे लिहितात, आणि प्रत्येक तुकडा बोलायच्या आधी आपल्यापुरत्या खुणा तपासतो. मुलगी वाचली होती का? वाचली असेल तर आई हे बोलेल, नसेल तर ते. रेल्वेच्या सांध्यासारखं आहे हे. रूळ थोडेच, पण सांधे बदलत गेले की गाडी कुठल्या कुठं पोचते.

एवढं कळल्यावरही माझा पहिला प्रश्न उरलाच होता. आकडे, खुणा, सांधे सगळं ठीक, पण मला झोप का आली नाही?

त्याचं उत्तर मला बोहाड्यात सापडलं. कसाऱ्याहून विहीगाव, खोडाळा करत रस्ता मोखाड्याकडे आणि जव्हारकडे जातो. या सगळ्या पट्ट्यात, आमच्या शहापुरातही, होळीनंतर वैशाखापर्यंत गावोगाव बोहाडा होतो. रात्रभर संबळ आणि पिपाणी वाजते, मशालींच्या उजेडात एकेक सोंग नाचत येतं. आधी गणपती, सरस्वती, मग देव, दानव, रावण, नरसिंह, वेताळ, आणि शेवटी देवी जगदंबा. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे. कित्येक सोंगांचा मान घराण्यात चालत आलेला. मुखवटा चढवण्याआधी त्याची पूजा होते. दिवसभर शेतात राबलेला, ओळखीचा माणूस मुखवट्याआड जातो आणि आयाबाया त्याच्या पाया पडतात.

लहानपणी शेजारच्या गावातला एक बाप्या मी असाच पाहिला होता. दिवसा खाली मान घालून चालणारा, कोणाशी न बोलणारा. त्या रात्री तो दैत्य होऊन आला आणि संबळाच्या ठेक्यावर अंगण हादरवून गेला. सकाळी तो विहिरीवर भेटला तेव्हा वडिलांनी त्याला विचारलं, काल एवढं बळ कुठून आणलंस? तो म्हणाला, "सोंग घेतलं का त्याचं वझं घ्यावं लागतंय, गुरुजी." त्याला नीट दिसतही नव्हतं मुखवट्यातून. पावलं मात्र चुकली नव्हती.

सोंग घेतलं की त्याचं ओझं येतं. मी शाहिराचं सोंग घेतलं होतं. ते वाक्य मी निवडलं होतं, फासा मी टाकला होता, म्हणून ती मुलगी माझ्या पदरात मेली. सिनेमात मुलगी मेली असती तर मी रडले असते आणि झोपले असते. इथं मी साक्षीदार नव्हते, पात्र होते.

तिसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, "मावशी, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. मागचं सेव्ह उघडतो, पुन्हा टाक." खेळात ही सोय असते. तुम्ही मध्येच थांबून सगळं जग जसंच्या तसं साठवून ठेवू शकता आणि हवं तेव्हा त्या क्षणी परत जाऊ शकता. त्यानं उघडलं. तोच दरबार, तीच काघा, तोच साप. मी तेच वाक्य निवडलं. पुजारिणीनं मंत्र म्हटला. फासा फिरला आणि सतरा पडले. सापाला माघारी बोलावलं गेलं. मुलगी धावत बाहेर गेली आणि आईच्या कुशीत शिरली.

मी डोळे पुसले. आणि तेव्हा ध्यानात आलं की संगणकाच्या आठवणीतून ती पहिली खूण पुसली गेली आहे. त्याच्या लेखी ती मुलगी कधी मेलीच नाही. त्या आईला काही ठाऊक नाही. सगळ्या जगात ते चार पडल्याचं लक्षात आहे ते एकट्या माझ्या. पुढच्या मोहिमेत मी कोणाशीही बोलताना दोनदा विचार करायला लागले, ते त्या पुसल्या गेलेल्या चारामुळं. खेळ खोटा, मुलगी खोटी, पण ते दोनदा विचार करणं खरं. ते लॅपटॉप मिटल्यावरही माझ्याबरोबर राहिलं. शाळेत मी कितीदा एखाद्या पोराला जागच्या जागी शिक्षा सुनावली होती, त्याच्या आईबापांना आत न घेता! तिथं मागचं सेव्ह नव्हतं.

म्हणून आता माझं मत बदललं आहे आणि ते मी स्पष्ट सांगते. या जातीचे खेळ मोठ्यांसाठी आहेत. त्यात रक्तपात आहे, प्रौढ प्रसंग आहेत, ते लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. वेळही ते मुबलक खातात, त्यामुळे घड्याळ समोर ठेवूनच बसावं. पण त्यांना नुसता नाद म्हणून झटकून टाकणं चूक आहे. ही गोष्ट सांगायची नवी रीत आहे, आणि तिची मुळं आपल्या अंगणापर्यंत येतात.

आपल्याकडे सुरुवातही झाली आहे. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'नं २०२०मध्ये 'राजी' नावाचा खेळ जगापुढं आणला. आपल्या भावाला, गोलूला, राक्षसांच्या तावडीतून सोडवायला निघालेली एक मुलगी त्यात आहे. दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून गोष्ट पुढं सरकते, आणि मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या खेळातून दाखवले आहेत. त्यात फासा नाही, निवडीचे फाटे नाहीत, पण पुण्यात बसून असं जग उभं करता येतं हे त्यांनी दाखवून दिलं.

शहापूर-मुरबाडची कितीतरी पोरं आज पहाटेच्या लोकलनं अभियांत्रिकी आणि संगणक शिकायला जातात. त्यांना माझं एकच सांगणं आहे. येत्या फाल्गुनात एक रात्र काढा आणि आपल्या भागातल्या बोहाड्याला जा. मोबाइल खिशात ठेवा. सोंग येतं कसं, त्याच्यासाठी वाट कशी मोकळी होते, संबळ कधी थांबतो, मुखवटा उतरल्यावर माणूस कसा दिसतो, हे पाहा. मुखवटे करणाऱ्या म्हाताऱ्यांशी बोला आणि लिहून ठेवा. वाटेत बेहड्याच्या झाडाखाली थांबून मूठभर फळं उचला आणि चारचारनं मोजा. मराठीत बोलणारी पहिली मोठी मोहीम कोणीतरी लिहायला हवी, आणि ती लिहायला लागणारं सगळं सामान कसाऱ्याच्या रानात पडलेलं आहे.